स्वमग्न तरुणांसाठी खरं काम: पालकांनी सुरुवात कुठून करायची?

बहुतेक विशेष शाळा मुलाला अठराव्या वर्षापर्यंतच ठेवून घेतात. त्यानंतर कितीतरी घरांत तेच घडतं. सकाळची घाई संपते, अंघोळ दुपारवर जाते, हातात आलेला मोबाईल रात्रीपर्यंत सुटत नाही आणि शाळेत वर्षानुवर्षं खपून शिकवलेलं बघता बघता विरून जातं. "वयात आल्यापासून फार चिडतो," असं पालक सांगतात. दिवसभर करण्यासारखं काहीच नसेल तर आपणही चिडलो असतो.

तुमचा स्वमग्न (म्हणजे ऑटिझम असलेला) मुलगा किंवा मुलगी साधारण सोळा ते पंचवीसच्या दरम्यान असेल आणि कामाचा विचार तुम्ही पहिल्यांदाच करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या. ‘नोकरी आधी, तयारी नंतर’ असं केलं की नोकरी पहिल्या महिन्यातच सुटते आणि मग घरातलं कुणीच पुन्हा धीर करत नाही.

त्याआधी काम कशाला म्हणायचं ते ठरवून घेऊ. माझ्या मते खऱ्या कामाला तीन कसोट्या लागतात. ते झालं नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. त्याचे पैसे करणाऱ्याला मिळाले पाहिजेत. आणि रोज सकाळी घराबाहेर पडताना त्याला ते नकोसं वाटता कामा नये. संध्याकाळी शिकवणाऱ्या ताई सोडवून ठेवणार आणि सकाळी पुन्हा ओवायला देणार, असे मणी ओवत बसणं या कसोट्यांत बसत नाही. मुलांना हे कळतं. जे बोलत नाहीत त्यांनाही कळतं.

पायरी १: कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, पण सोळा-सतराव्या वर्षीच उरकून टाका.

पहिलं म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. स्वमग्नतेसाठी आयएसएए ही चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी वापरतात. तपासणीच्या दिवशी पालक सवयीने मुलाचं कौतुक सांगत बसतात: हे येतं, ते येतं, गाणी पाठ आहेत. तिथे वाईट दिवसांबद्दलही मोकळेपणाने सांगा. कशाची मदत लागते, रात्री झोप कशी असते, गर्दीत काय होतं, सगळं. टक्केवारी त्यावर ठरते आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. शाळेचे जुने अहवाल सोबत न्या. हाती आलेलं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे की कायमचं, तेही तिथेच पाहून घ्या.

दुसरं, बँकेतलं खातं आणि पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं आणि आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला स्वतःचे व्यवहार समजतात, सही करता येते, त्याला कायदेशीर पालकाची गरज नाही; उगाच घेऊ नका. ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी या समितीवर असतात. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, तीही याच फेरीत घेऊन टाका.

तिसरं, कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. दहावी-बारावी किंवा पदवी झालेल्या मुलांनी या जागांवर जरूर लक्ष ठेवावं. मात्र स्पर्धा मोठी आहे, तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. खासगी ठिकाणीही कायदा उपयोगी पडतो. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं आणि वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी काय सोयी आहेत हे त्या धोरणात लिहायचं असतं. मुलाखतीच्या वेळी ‘तुमचं समान संधी धोरण बघायला मिळेल का?’ एवढं शांतपणे विचारलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

मुंबईत सायनला दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे नाव नोंदवून ठेवा. नवी मुंबईत खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं विभागीय केंद्र आहे. पालकांच्या गटात सामील व्हायला मात्र कशाचीच वाट पाहू नका. कुठल्या दुकानदाराने कुणाला ठेवून घेतलं, ही माहिती पोर्टलच्या आधी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते.

पायरी २: एक वही घ्या आणि पंधरा दिवस नुसतं बघा

‘त्याला काय आवडतं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ट्रेन. किंवा गाणी. पण एवढ्यावरून काम ठरत नाही. ट्रेनमधलं नेमकं काय आवडतं? वेळापत्रक? मग आकडे आणि क्रम असलेलं काम बघा: फायली लावणं, ग्रंथालयात पुस्तकं क्रमांकाप्रमाणे परत ठेवणं, औषधांच्या दुकानात मुदत संपत आलेला माल बाजूला काढणं. ट्रेनची लय, हलणं आवडतं? मग एका जागी बसायचं काम त्याला जाचेल. रोपवाटिका, लाँड्री, सामान पोहोचवणं असं काही शोधा. तेच तेच पुन्हा येण्यात त्याला सुख वाटत असेल, तर इतरांना कंटाळा आणणारी कामं तो मन लावून करेल.

वहीत रोज लिहायच्या गोष्टी अशा: कुणी न सांगता काय केलं, किती वेळ केलं, कशामुळे थांबला. कुठल्या आवाजाने कान झाकले. मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांचं ड्रिल, की एकाच वेळी तिघांचं बोलणं? फिनेलचा वास चालतो का? हात ओले, चिकट झालेले चालतात का? (हे कळलं नसेल तर बेकरीच्या कामाचा विचारच करू नका.) दिवसातल्या कुठल्या वेळी तो सगळ्यात शांत असतो? औषधं चालू असतील तर ती घेतल्यावर झोप येते का?

पंधरा दिवसांनी वही वाचलीत की तुम्हाला असं काही दिसेल जे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून लक्षात आलं नव्हतं. स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे रोज उंचीप्रमाणे लावणारी मुलगी ही घरच्यांसाठी ‘तिची खोड’ असते. दुकानातल्या मांडणीवर तीच खोड पगार मिळवून देऊ शकते.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. स्वमग्न माणूस म्हणजे संगणकातला जादूगार, असं चित्र बातम्यांतून तयार झालंय. डेन्मार्कमधल्या स्पेशालिस्टर्न या कंपनीने २००४ मध्ये सॉफ्टवेअर तपासणीसारख्या कामासाठी स्वमग्न लोकांना घ्यायला सुरुवात केली. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये स्वमग्न लोकांना नेमण्याचा ‘ऑटिझम ॲट वर्क’ हा उपक्रम जाहीर केला तेव्हा सुरुवातीचे प्रयोग बंगळुरूमध्येही झाले. हे मोलाचं आहे, आणि तुमच्या मुलीला त्यात गती असेल तर तिला जरूर त्या वाटेने न्या. नसेल, तरी ती कमी पडली असं नाही. बोलता न येणाऱ्या, सतत मदत लागणाऱ्या तरुणांसाठीही काम असतं. ते शोधायला जास्त वेळ लागतो, इतकंच.

पायरी ३: घरात काय तयार करायचं

नोकरी टिकण्याचा कामातल्या हुशारीशी फार कमी संबंध असतो, असं माझं ठाम मत आहे. शौचालयाचा वापर, स्वच्छता, ठरलेल्या वेळी तयार होणं, ‘मला थांबायचंय’ हे शब्दांनी किंवा कार्ड दाखवून सांगता येणं, आणि दुसऱ्याच्या डब्याला, फोनला हात न लावणं, या पाच गोष्टी जमत असतील तर कामाचं कौशल्य जागेवर शिकवता येतं. नसतील तर आधी यांच्यावर वर्ष घालवा.

घरातलं एक काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवा आणि मग ते खरंच तुम्ही करू नका. सोसायटीच्या गेटवरून दूध आणायचं काम त्याचं असेल आणि एक दिवस तो गेला नाही, तर त्या सकाळी चहा कोरा होऊ दे. आई मागच्या दाराने जाऊन दूध आणते तोवर ते काम त्याचं झालेलं नसतं.

प्रवासाचा सराव वेगळा करा. आधी सोबत, मग दोन सीट सोडून, मग पुढच्या स्टॉपवर उभं राहून. बसचा मार्ग अचानक बदलला, लोकल रद्द झाली तर काय करायचं, याचं कार्ड खिशात असावं. मुलींच्या आणि मुलांच्याही बाबतीत स्पर्शाचे नियम चित्रांसह पक्के करा. कामाच्या ठिकाणी कुणालाही, अगदी साहेबालाही, ‘नको’ म्हणता येतं हे शिकवलेलं असलं पाहिजे. आपण मुलांना इतकी वर्षं ‘ऐक, ऐक’ म्हणून वाढवतो की ही गोष्ट राहूनच जाते.

पायरी ४: कुठल्या प्रकारची जागा?

ढोबळमानाने चार वाटा आहेत: संस्थेची संरक्षित कार्यशाळा (फक्त दिव्यांगांसाठी चालवलेली कामाची जागा), बाहेरच्या साध्या ठिकाणी जॉब कोचच्या, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्याच्या, मदतीने नोकरी, पालकांनी मिळून चालवलेला उद्योग, आणि घरचा छोटा व्यवसाय.

कार्यशाळांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. राखीपौर्णिमेआधी राख्या, दिवाळीआधी पणत्या, उटणं आणि कंदील, हे आपल्याकडचं ठरलेलं चक्र आहे. त्यात मुलांना रंग मिळतात, सोबत मिळते, संस्थेला चार पैसे मिळतात. पण दिवाळी झाल्यावर नोव्हेंबर ते जून ही मुलं काय करतात, हा प्रश्न प्रवेश घेण्याआधी विचारा. मालाला वर्षभर गिऱ्हाईक आहे का? लोक ती वस्तू चांगली म्हणून पुन्हा घ्यायला येतात की दयेपोटी एकदाच? मसाले, पीठं, बेकरीचा माल, कापडी पिशव्यांच्या पक्क्या ऑर्डरी, कार्यालयांना जेवणाचे डबे, असं बारमाही काही असेल तर त्या कार्यशाळेला माझ्याकडून जास्त गुण. मुंबईत जुहूला ‘कॅफे अर्पण’ आहे. यश चॅरिटेबल ट्रस्ट तो चालवते आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेली प्रौढ माणसं तिथे काम करतात. एकदा मुलाला घेऊन तिथे जेवायला जा. कोण काय करतंय, कामाची वाटणी कशी केलीय, बघून या. चार भाषणं ऐकून कळणार नाही ते तासाभरात कळतं. हॉटेल व्यवसायात लेमन ट्री ही साखळी बऱ्याच वर्षांपासून दिव्यांगांना नेमते आहे.

आणि एप्रिलबद्दल. २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. त्या आठवड्यात कंपन्यांचे फोन येतात, निळे टी-शर्ट येतात, फोटो निघतात. फोन करणाऱ्याला नम्रपणे सांगा, "कार्यक्रम नक्की करू, आणि जूनपासून एका मुलासाठी तीन तासांचं काम बघू या." दहातला एक जरी हो म्हणाला तरी फोन सार्थकी लागला.

पायरी ५: मालकाशी बोलणं

अनोळखी मोठ्या कंपनीपेक्षा ओळखीचा छोटा व्यावसायिक बरा. तुमचा नेहमीचा किराणावाला, औषधवाला, झेरॉक्सवाला, छापखाना, गृहउद्योग चालवणाऱ्या काकू. त्यांच्याकडे जाऊन ‘याला काहीतरी काम द्या’ असं म्हणू नका. त्यावर ‘बघू’ हेच उत्तर येतं. आधी दुकानात चार वेळा जाऊन कुठलं काम तुंबलंय ते बघा. न लावलेली खोकी, न चिकटवलेली लेबलं, स्कॅन न झालेल्या फायली. मग म्हणा, "ही लेबलं लावायला तुमच्या माणसाला वेळ मिळत नाही. माझा मुलगा हे नीट करेल. आठवडाभर रोज दोन तास करून बघू, मीही सोबत थांबेन. पटलं तर पगाराचं बोलू."

मुलाखतीऐवजी अशी कामाची चाचणी मागणं फार महत्त्वाचं आहे. डोळ्याला डोळा भिडवून ‘स्वतःबद्दल सांगा’चं उत्तर देणं हीच स्वमग्न माणसाची सगळ्यात कच्ची बाजू असते, आणि लेबलं लावायला तिचा काही उपयोग नसतो.

सोबत दोन पानी ओळख द्या. पहिल्या पानावर फोटो, काय काय येतं, कामाचा एखादा नमुना. दुसऱ्या पानावर: कसं बोललं की समजतं, कशाचा त्रास होतो, त्रास व्हायला लागला की आधी काय दिसतं, तेव्हा काय करावं, कुणाला फोन करावा. निदानाची लांबलचक माहिती नको.

पायरी ६: कामाचे तुकडे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उदाहरण म्हणून गृहउद्योगातलं साधं काम घेऊ: थालीपिठाची भाजणी अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्यांत भरायची.

आपल्याला ते एकच काम वाटतं. लिहून काढलं तर असं होतं: टोपी घाल, हात धू, हातमोजे घाल. रिकामी पिशवी काट्यावर ठेव. शून्याचं बटण दाब. डावाने भाजणी घाल. आकडा बघ. पिशवी सीलिंग मशीनखाली धर. लेबल लाव. क्रेटमध्ये ठेव. प्रत्येक तुकड्याचा फोटो काढून ओट्यासमोरच्या भिंतीवर ओळीने लावायचा.

आता अडचण येते ती आकड्यापाशी. काट्यावर ५०२ आलं. सांगितलंय ५००. मुलगा चिमूटभर काढतो, ४९९ होतं. पुन्हा घालतो, ५०१. अर्धा तास एकाच पिशवीपाशी जातो, कपाळावर घाम येतो आणि काकूंना वाटतं हा फार हळू आहे. खरं तर तो आपण सांगितलेलं तंतोतंत पाळतोय. उपाय म्हणजे काट्याशेजारी एक हिरवं कार्ड: ५००, ५०१, ५०२, ५०३, ५०४, ५०५, आणि खाली ‘बरोबर’. यातला कुठलाही आकडा आला की पुढे जायचं. शंभर वेळा ‘अरे चालतं तेवढं’ म्हटल्याने जे होत नाही ते या कार्डाने होतं, कारण ‘तेवढं’ म्हणजे केवढं, हे आता लिहिलेलं आहे.

लेबल वाकडं लागतं? पुठ्ठ्याचा साचा करा: पिशवी बरोबर बसेल असा कोपरा आणि लेबलापुरती कापलेली खिडकी. मोजता येत नाही? क्रेटच्या तळाला वीस चौकोन आखलेला कागद घाला. सगळे चौकोन भरले की क्रेट झाली. किती उरलं हे दिसत राहावं म्हणून सकाळीच तेवढ्या रिकाम्या क्रेट ओळीने मांडून ठेवा. शेवटची क्रेट भरली की काम संपलं. काम संपतं केव्हा हे न कळणं, यात फार अस्वस्थता असते.

शिकवताना शेवटून सुरू करा. आधीचं सगळं तुम्ही करा आणि भरलेली क्रेट उचलून मांडणीवर ठेवायचं तेवढं त्याला द्या. मग लेबल आणि क्रेट, मग सील, असं मागे मागे जा. यात प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो.

आणि बोलणं तपासा. ‘थोड्या वेळाने कर’, ‘जरा तिकडे बघ’, ‘उद्या-परवा ये’ ही आपली रोजची भाषा त्याला काहीच सांगत नाही. ‘अकरा वाजता कर’, ‘दाराजवळची तीन खोकी आत आण’, ‘गुरुवारी ये’. ‘धावू नको’ऐवजी ‘चालत जा’.

पायरी ७: सहकारी, चहा आणि सुट्ट्या

काम चालू असताना अडचणी कमी येतात. चहाच्या सुट्टीत जास्त येतात. दहा मिनिटं, सगळे एकदम बोलताहेत, कुणी टाळी मागतंय, कुणी लग्नावरून चिडवतंय. चहाची सुट्टीही आखा: कुठे बसायचं, कपाचं काय करायचं, एकटं बसायचं असेल तर हेडफोन लावून बसायला हरकत नाही. सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटं सांगा. एका वेळी एकच सूचना. नावाने हाक मारा. चोवीस वर्षांच्या माणसाला ‘बाळा’ नको. साध्या कामाला टाळ्या नकोत, पण काम चुकलं तर इतरांना सांगता तसंच त्यालाही सांगा.

दिनक्रम मोडणारे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. खंडेनवमीला मशिनची पूजा असते आणि मशीन बंद असतं. गणपतीत रस्त्यावर ढोल असतात, बस उशिरा येते. आदल्या आठवड्यापासून रोज दाखवलं तर हे दिवस निभावतात.

जॉब कोच किंवा तुम्ही सोबत जात असाल तर मागे सरकायचं वेळापत्रक सुरुवातीलाच ठरवा. शेजारी, मग खोलीच्या दाराशी, मग बाहेर, मग आठवड्यातून एक फेरी. तिथल्याच एका सहकाऱ्याला ‘याला काही विचारायचं तर यांना’ म्हणून नेमून घ्या. तो रजेवर असेल तर दुसरा कोण, हेही.

पायरी ८: पैसे

हेच काम दुसऱ्याने केलं असतं तर काय दर मिळाला असता? तोच मागा. प्रशिक्षणाचा काळ असेल तर तो किती, हे लिहून घ्या. ‘प्रवासखर्च’ या नावाखाली वर्षानुवर्षं राबवून घेणं चालू देऊ नका. वेळ कमी असेल तर पैसे कमी, हे ठीक. पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात जावा. त्यातले थोडे रोख काढून त्याच्या हातात द्या आणि त्याला हवं ते त्याला विकत घेऊ द्या, भले ती पाचवी एकसारखी टॉर्च का असेना.

आई किंवा वडील सरकारी सेवेत असतील तर एक काळजी घ्या. दिव्यांग अपत्याला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाला उत्पन्नाच्या अटी असू शकतात. संजय गांधी निराधार योजनेलाही उत्पन्नाची मर्यादा आहे. पगार सुरू होण्याआधी संबंधित कार्यालयात लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. या भीतीपोटी काम नाकारणारी घरं आहेत आणि चौकशी केल्यावर पुष्कळदा भीती अवाजवी निघते.

पायरी ९: काम सुटलं तर

सुटू शकतं. सहा महिने छान चाललेला मुलगा एका सकाळी जायला नकार देतो. त्याला हट्ट म्हणण्याआधी जागेवर जाऊन बघा काय बदललं ते. बसायची जागा हलवली का? नवा पर्यवेक्षक आलाय का? शेजारी मोठा मिक्सर बसवला का? दात किंवा पोट दुखतंय आणि सांगता येत नाही, असं आहे का? कुणी त्रास देतंय का? कारण सापडलं तर पुष्कळदा टेबल सरकवण्याइतका सोपा उपाय निघतो.

नाहीच जमलं तर मालकाकडून अनुभवाचं पत्र घ्या: काय काम केलं, किती महिने, वेळेवर येत होता का. दोन पानी ओळखीत ते जोडा आणि नवीन कळलेल्या गोष्टी दुसऱ्या पानावर लिहा. घरातून निघायची वेळ मात्र मोडू नका. दुसरं काम मिळेपर्यंत त्याच वेळी, तीच बॅग आणि डबा घेऊन बाहेर पडायचं. वाचनालयात जा, बागेत दोन फेऱ्या मारा, पालकांच्या गटातल्या कुणाच्या दुकानात तासभर हात लावा. आणि याच आठवड्यात पुढच्या दुकानदाराशी बोलायला जा, पत्र सोबत घेऊन.